जोड

माझ्या वडिलांचे, तात्यांचे, दोन्ही कान मोडलेले होते. तालमीत वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून कानात रक्त साकळतं, तिथंच घट्ट होतं आणि कान मिटलेल्या मुठीसारखा होऊन बसतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हे कान हीच त्यांची ओळख होती. माथाडींच्या टोळीत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. मुकादमापासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत सगळे ‘पैलवान’च म्हणायचे.

१९७२च्या दुष्काळात ते कऱ्हाड तालुक्यातून मुंबईला आले. आधी दारूखान्यात, आणि लोखंडाच्या बाजाराला सिडकोनं कळंबोलीत जागा दिली तेव्हा इकडे. माथाडी कायदा १९६९ साली झालेला होता. तो करून घेण्यासाठी झगडलेले अण्णासाहेब पाटील आमच्याच बाजूचे, पाटण तालुक्यातले, त्यामुळे टोळ्याच्या टोळ्या सातारा जिल्ह्यातल्या माणसांनी भरलेल्या असत. अशा माणसांच्या घरात संध्याकाळी दोनच विषय निघायचे, गावचा पाऊस आणि गावच्या कुस्त्या. तात्या हरलेल्या कुस्त्या जास्त रंगवून सांगत. अमक्या मैदानात पट काढायला गेलो आणि त्यानं कशी ढाक लावली, तमक्यानं घिस्सा मारून कसा आकाशाला तोंड करून पाडला. सांगता सांगता उठून उभे राहत, मला समोर उभा करून तो डाव दाखवत. पंचवीस वर्षांपूर्वी पाडणाऱ्या माणसाचं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकताना मला वाटायचं, हरण्यात एवढं सुख असतं का?

एक कुस्ती मात्र ते सांगत नसत. ती झालीच नव्हती.

ती कळली २०१० साली. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या होत्या आणि तिथल्या कुस्तीच्या नव्या स्टेडियमला खाशाबा जाधवांचं नाव दिल्याची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग बराच वेळ बाल्कनीतून खालच्या ट्रकांच्या रांगेकडे बघत बसले आणि एकदम म्हणाले, “त्यांना जोड मिळाली रं. मागून मागून मिळवली, पण मिळाली.”

शहरात वाढलेल्या माणसाला ‘जोड’ हा शब्द सांगावा लागतो. जत्रेच्या मैदानात दुपारी आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या लागतात. ऊन कलत जातं तसे इनामाचे आकडे चढत जातात. नवा पैलवान कपडे उतरवून, लांग कसून मैदानात फिरतो. गावचे जाणते लोक त्याचा बांधा बघतात, मांडी बघतात, दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा करतात. मग कुणीतरी म्हणतं, जोड बरोबर आहे. दोघांचे हात हातात दिले की कुस्ती ठरली. हे सगळं होईपर्यंत पैलवानाच्या ताकदीला काही किंमत नसते. त्याला दहा माणसांना लोळवता येत असेल, पण समोर अकरावा उभा करायचा तो दुसऱ्या कुणीतरी. ते त्याच्या हातात नसतं.

तात्या तेव्हा तेवीस वर्षांचे होते. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या गावात आजही माणसं आहेत आणि झालेल्या गोष्टीला पन्नासवर वर्षं झाली. एका मोठ्या तालमीचा नावाजलेला पैलवान त्या जत्रेला येणार होता. त्याच्या दोन पठ्ठ्यांना तात्यांनी त्या हंगामात चीत केलं होतं, त्यामुळे आता त्याच्याशीच लागावी असं आसपासच्या गावांत बोललं जात होतं. तात्यांनी सहा महिने मेहनत केली. आजीनं म्हशीचं दूध विकणं बंद केलं, ते सगळं खुराकाला. जत्रेच्या दिवशी ते दुपारी दोनपासून मैदानात उभे होते, अंगाला माती लावून. कमिटीतलं कुणी येई आणि सांगे, थांब, बोलणं चाललंय. त्यांचे वस्ताद त्या साली अंथरुणाला खिळलेले होते. बोलायला जाणारं त्यांच्या बाजूचं कुणी नव्हतं.

दुसऱ्या बाजूचा हिशेब सरळ होता. नावाजलेल्या पैलवानानं एका बिननावाच्या पोराला पाडलं तर त्यात नवल काय, आणि पडला तर पुढच्या हंगामाच्या सगळ्या सुपाऱ्या निम्म्यावर येणार. त्यांनी दुसरी जोड मागून घेतली. ती शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली, हलगी थांबली, दिवस मावळला. तात्या तिथंच उभे. पंचांपैकी एक जण जवळ आला, त्यानं त्यांच्या हातात मानाचा म्हणून एक नारळ ठेवला. पोरं ज्याच्यासाठी लढतात तो नारळ.

“हरलो असतो तर घरी गेलो असतो,” त्या रात्री तात्या मला म्हणाले. “लागलीच न्हाई, म्हणून अजून तिथंच उभा हाय बघ.”

पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही. ते मुंबईला आले आणि पुन्हा कधी मातीत उतरले नाहीत.

खाशाबांनी जोड ‘मागून मागून मिळवली’ असं तात्या म्हणाले, त्यात काही वाढवून सांगितलेलं नाही. गोळेश्वर हे कऱ्हाडला लागून असलेलं गाव. तिथं १५ जानेवारी १९२६ला खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलात शिकले, पुढं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगानं बुटके, वजनानं हलके, आणि कोल्हापूरच्या डोळ्याला पैलवान म्हणजे हत्ती हवा असतो. खासबागेच्या मैदानात, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या त्या मोठ्या वाडग्यात, लोक वजनदार गड्यांना बघायला जमत. हलक्या माणसाची चपळाई वरच्या पायरीवरून दिसतच नाही. तरी १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला ते गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला. मॅटवर उभं राहण्याची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. फ्लायवेट गटात सहावे आले. मातीतून उठून थेट मॅटवर गेलेल्या माणसाचं हे सहावं येणं मला नेहमीच मोठं वाटत आलं आहे. माती पाय धरते, मॅट धरत नाही. ज्याचं सगळं आयुष्य पाय रोवण्यात गेलं त्याला हे अंतर विचारावं.

चार वर्षांनी हेलसिंकीची निवड मद्रासला होती. तिथं आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. आता असं म्हणणारे हजारो असतात. गावी परत येतात, पारावर बसून सांगतात, माणसं मान डोलावतात आणि गोष्ट तिथंच मिटते. खाशाबा थेट पतियाळाच्या महाराजांकडे गेले. एक गुण कुठं गेला हे ते बोलतच राहिले असते तर कदाचित काही झालं नसतं. त्यांनी मागणं साधं ठेवलं, पुन्हा एकदा कुस्ती लावा. महाराज स्वतः खेळातले, त्यांनी पुन्हा कुस्ती लावून दिली, आणि खाशाबांनी ती जिंकली. ती पुन्हा लागलेली लढत मला पदकाच्या लढतीएवढी मोठी वाटते, कारण तिच्यात जिंकण्याआधी ती लावून घ्यावी लागली होती.

पण निवड झाली तरी जायचा खर्च कोण देणार? सरकारकडे हात पसरले, गावानं वर्गणी काढली. तरी पैसे कमी पडत होते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. १९५२ सालचे सात हजार. एका प्राचार्यानं आपल्या जुन्या विद्यार्थ्यासाठी घरादाराचा कागद गहाण द्यावा, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की तिचं वजन आम्हाला कळेनासं झालं आहे. मी स्वतः कळंबोलीत एका खोलीचं घर घेताना वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही केली, तेव्हा माझा हात थरथरला होता. ते तर स्वतःच्या घरासाठी होतं. खर्डीकरांच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, त्यांच्या बायकोमाणसांनी काय विचारलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून ते घर सोडवलं. माझ्या हिशेबी ऑलिम्पिकच्या गोष्टीत हा प्रसंग शेवटी यायला हवा, आणि पदक त्याच्या आधी.

हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलोत, ते कॅनडाच्या, मेक्सिकोच्या, जर्मनीच्या मल्लांना हरवून पुढं गेले. पुढची हकीकत अशी सांगतात. एक लांबलेली, दमवून टाकणारी कुस्ती संपली आणि त्यांना जवळपास लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवसमोर उतरायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम पंचांपुढे ठेवायला आपल्या पथकातला कुणी जबाबदार माणूस तिथं नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. सोनं जपानच्या शोहाची इशीला, रुपं ममादबेयोवला आणि काशाचं पदक खाशाबांना मिळालं. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला चव्वेचाळीस वर्षं लागली, १९९६ला लिअँडर पेसनं आणलं.

तात्यांसमोर हा प्रसंग निघाला की ते पदकाबद्दल बोलत नसत. ते विचारत, “वस्ताद कुठं होता?” कुस्तीच्या हौद्याबाहेर वस्ताद कशाला असतो? डाव ओरडून सांगायला तर कुणीही असतं. वस्ताद असतो तो ‘थांबा, माझा पोरगा दमलाय’ म्हणायला. कऱ्हाडपासून हेलसिंकीपर्यंत माणसामागून माणूस उभा राहत गेला, महाराज, प्राचार्य, वर्गणी देणारं गाव, पुन्हा एक महाराज. शेवटच्या अर्ध्या तासाला तेवढं कुणी नव्हतं. ममादबेयोवसमोरची कुस्ती तिथं हुकली. ती ताज्या दमानं लागली असती तर ते जिंकलेच असते, असं मी म्हणणार नाही. ममादबेयोवही मोठा मल्ल होता. पण ती तशी लागायला हवी होती.

त्याच हेलसिंकीत फेदरवेट गटात कोल्हापूरचे के. डी. माणगावे होते. त्यांना पदक मिळालं नाही. खाशाबांचं नाव निदान पाठ्यपुस्तकात आलं. माणगाव्यांचं नाव मी शाळेत कधी ऐकलं नाही, तात्यांकडून ऐकलं.

मिरवणुकीचं सांगायचं राहिलं. खाशाबा परत आले तेव्हा दीडशेवर बैलगाड्या सजून पुढं गेल्या होत्या. एरवीच्या पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. आमच्या बाजूला ज्याला विचाराल तो सांगतो, आमच्या घरची बैलजोडी त्यात होती. तात्या चार वर्षांचे होते, तेही सांगत. मी त्यावर कधी वाद घातला नाही. ज्या तालुक्यातलं प्रत्येक घर त्या मिरवणुकीत स्वतःला पाहतं, त्या तालुक्यातून पैलवान निघणारच.

पुढं गुडघ्याच्या दुखापतीनं खाशाबांचं १९५६चं मेलबर्न गेलं. त्याआधीच, १९५५ला, ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले होते. सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरातल्या त्यांच्या घराचं नाव ‘ऑलिम्पिक निवास’ आहे.

जोड न मिळालेल्या माणसांतलं आणखी एक नाव, चार्ली बर्लीचं, मला फार उशिरा कळलं. २०१७च्या सुमारास मी डेन्झेल वॉशिंग्टनचा ‘फेन्सेस’ हा सिनेमा पाहिला. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा एक जुना बेसबॉल खेळाडू, काळा असल्यामुळं ज्याला मोठ्या सामन्यांत घेतलं नाही, आणि तो राग आता घरातल्या सगळ्यांवर पसरलेला. सिनेमा ऑगस्ट विल्सनच्या नाटकावरून केलेला. १९८७ साली त्या नाटकाला पुलित्झर मिळालं होतं. विल्सन पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या काळ्या वस्तीत वाढला आणि त्याच्या घरासमोर एक माणूस राहायचा, जो खरोखरच शहराच्या कचरागाडीवर होता. तो बेसबॉलचा नव्हता. तो मुष्टियोद्धा होता. तो बर्ली.

१९१७चा जन्म. १९३६ला बर्लिनच्या ऑलिम्पिकसाठीच्या चाचणीत तो उतरला नाही, हिटलरच्या बर्लिनला जायचं नाही म्हणून. त्याऐवजी बर्लिनला उत्तर म्हणून बार्सिलोनात भरणाऱ्या लोकांच्या ऑलिम्पिकला गेला. तिथं यादवी युद्ध पेटलं आणि स्पर्धा झालीच नाही. एवढ्यावरूनच त्याच्या नशिबाची चाल कळावी. व्यावसायिक झाल्यावर पिट्सबर्गच्याच फ्रिट्झी झिविकशी त्याच्या तीन लढती झाल्या, त्यातल्या दोन बर्लीनं जिंकल्या. मग झिविकच्या मॅनेजरनं बर्लीचा करारच आपल्याकडे घेतला. म्हणजे पुन्हा त्याच्याशी लढावं लागण्याची भीती संपली. ऑक्टोबर १९४०मध्ये झिविक हेन्री आर्मस्ट्राँगसमोर उभा राहिला आणि वेल्टरवेटचा विजेता झाला. बर्ली बघत राहिला.

पुढं युद्ध आलं. वेल्टरवेटचा विजेता फ्रेडी कॉक्रेन नौदलात गेला, मिडलवेटचा टोनी झेल नौदलात गेला, आणि त्यांचे किताब युद्ध संपेपर्यंत कुलूपबंद झाले. बर्लीची पंचविशी ते तिशीची वर्षं नेमकी तीच. एप्रिल १९४४मध्ये त्यानं हॉलिवूडला आर्ची मूरला पुन्हा पुन्हा खाली पाडून दहा फेऱ्यांत हरवलं. मूर स्वतः कोण, तर मुष्टियुद्धाच्या इतिहासातल्या सगळ्यात चिवट योद्ध्यांपैकी एक. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सगळ्यात भारी, असं मूर पुढं आयुष्यभर सांगत राहिला. शुगर रे रॉबिन्सनबरोबर बर्लीची लढत कधी झाली नाही. कुणाच्याही मॅनेजरला ती नको होती. किताब ही मॅनेजरच्या दृष्टीनं इस्टेट असते, आणि इस्टेट जुगारावर लावताना समोर पैसा तरी मोठा पाहिजे. बर्लीसारख्या काळ्या, गर्दी न खेचणाऱ्या आणि भयानक चांगल्या माणसाशी लढण्यात धोका सगळा, कमाई थोडी.

अशी त्या काळात सात-आठ माणसं होती. होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, जॅक चेस, कोको किड, एडी बुकर. यांच्यातल्या कुणालाही किताबाची लढत मिळाली नाही. मग ते एकमेकांशी लढत राहिले. बर्ली आणि होल्मन विल्यम्स सात वेळा लढले.

बर्ली १९५०ला थांबला. ९७ वर लढती, त्यांतल्या ८३ जिंकलेल्या, आणि एकदाही कुणी त्याला पाडून लढत थांबवली नाही. डिसेंबर १९५२मध्ये, म्हणजे खाशाबांच्या मिरवणुकीनंतर काही महिन्यांत, आर्ची मूरला वर्षानुवर्षं वाट पाहून अखेर जोड मिळाली. जोई मॅक्झिमला हरवून तो लाइट हेवीवेटचा विजेता झाला. त्यानंतर तो जवळजवळ दहा वर्षं विजेता होता. ज्यानं त्याला पाडलं होतं तो पिट्सबर्गच्या गल्ल्यांतून डबे उचलत होता. १९९२ साली बर्लीला मुष्टियुद्धाच्या सन्मान-दालनात घेतलं आणि त्याच वर्षी तो गेला.

हे सगळं मी एका संध्याकाळी तात्यांना सांगितलं. त्यांना बॉक्सिंग फारसं ठाऊक नव्हतं, पण करार विकत घेतल्याचं सांगितलं तिथं ते लगेच समजले. त्यांनी मला सविस्तर विचारलं. त्या गड्याचा वस्ताद कोण होता? त्यानं करार विकू कसा दिला? गावात कुणी नव्हतं का? पिट्सबर्गला लोखंडाचेच कारखाने आहेत असं म्हटल्यावर ते हसले नाहीत, मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक असावं. सात वेळा लढलेल्या दोघांची गोष्ट ऐकून बराच वेळ गप्प बसले.

“सात येळा,” ते म्हणाले. “मंजी जोड हुतीच की त्यांना. एकमेकाची.”

“पण किताब नाही मिळाला, तात्या.”

“त्ये वेगळं.”

मला तेव्हा वाटलं, म्हातारपणामुळं ते सैल झाले असतील. मी त्यांना चुकीचं ओळखत होतो. निवृत्त झाल्यापासून ते रोज पहाटे सायकल घेऊन रोडपालीकडे जात. फिरायला जातात अशी माझी समजूत. त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी मला पहाटेची पुण्याची गाडी गाठायची होती, म्हणून मी त्या रस्त्यानं निघालो आणि ते काय करतात हे पहिल्यांदा पाहिलं.

रोडपालीला पोलीस मुख्यालय आहे. भरती निघायच्या आधी पाच-सहा महिने त्या रस्त्यावर पहाटे पोरं पळायला येतात. पनवेल, पेण, कर्जतची, आणि घाटावरून येऊन इथं चौघापाचांत एक खोली घेऊन राहणारी. पोरांना सोळाशे मीटर पळायचे असतात, पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत पळालं तर वीसपैकी वीस गुण. मुलींना आठशे. एकट्यानं पळून ती वेळ येत नाही. एकटा माणूस स्वतःला फसवतो, तिसऱ्या फेरीला पाय आपोआप सोडतो. तात्या वळणावर सायकल लावून उभे होते. पोरं त्यांच्याभोवती जमली होती. ते एकेकाच्या दंडाला धरून पुढं आणत, दुसऱ्याच्या शेजारी उभं करत, खाली पायांकडे बघत, मग मान हलवत आणि तिसऱ्याला पुढं घेत. “तू याच्याबरूबर. तुला हा कमी पडतोय, तू तिच्याबरूबर.” जरा वेगवान असलेल्या पोराच्या जोडीला जरा हळू पोरगा देत, फार हळू नाही. सगळ्या जोड्या लावून झाल्या की हात वर करत. विषम आकडा आला की उरलेल्या पोराबरोबर स्वतः सायकलवर निघत, त्याच्या बरोबर खांद्याला खांदा लावून, हँडल हलू न देता.

एका पोरानं मला सांगितलं, पैलवानकाका इथं सात-आठ वर्षं येतात, त्यांच्या जोडीतली बरीच पोरं खात्यात लागली. घरी त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

तात्या २०२३च्या पावसाळ्यात गेले. पंचाहत्तरीचे होते. सायकल जिन्याखाली लावलेली राहिली. यंदा भरतीची चर्चा सुरू झाली तसं एके दिवशी संध्याकाळी खालच्या किराणा दुकानासमोर दोन पोरं मला थांबवून विचारू लागली, पैलवानकाकांचे तुम्हीच ना मुलगे, आमच्या जोड्या कुणी लावत नाही. मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही. ते म्हणाले, तुम्ही नुसते या.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या पायांकडे बघत राहिलो. कुणाचं पाऊल कसं पडतंय, कोण श्वास तोंडानं घेतोय, कोण शेवटी खांदे उचलतो, हे बघायला वेळ लागतो. जोड्या चुकल्या. एका पोराला इतका भारी जोडीदार दिला की तो दुसऱ्या फेरीतच थांबला आणि रस्त्याकडेला बसून राहिला. त्याच्याजवळ जाऊन मी बसलो. मला तात्या नारळ हातात घेऊन उभे दिसत होते.

त्या रात्री सायकल बाहेर काढली. चेन गंजली होती, तिला तेल घातलं, मागच्या चाकात हवा भरली. सकाळी वळणावर नऊ पोरं होती. चार जोड्या लावल्या. एक पेणकडचा, बुटका, अंगानं हलका पोरगा बाजूला उरला, इकडेतिकडे बघत.

“चल,” मी म्हटलं आणि सायकल त्याच्या खांद्याला लावली.